शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याचे हक्क आणि कर्तव्ये : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शैक्षणिक साहाय्याचा इतिहास बहुतांशी देणाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला आहे. कोणत्या राजाने वसतिगृह काढले, कोणत्या सरकारने फी माफ केली, कोणत्या वर्षी उत्पन्नाची मर्यादा वाढली, याच्या नोंदी विपुल आहेत. मात्र साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्या बदल्यात काय मान्य केले आणि त्याला काय मागता येत होते, हा प्रश्न इतिहासलेखनात दुय्यम राहिला. वस्तुतः प्रत्येक शिष्यवृत्ती हा दोन पक्षांमधील व्यवहार असतो. त्या व्यवहारात एका पक्षाची कर्तव्ये आरंभापासून कागदावर आली. त्याच पक्षाचे हक्क मात्र फार उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आले. प्रस्तुत निबंधात या विषमतेचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला असून त्यासाठी यवतमाळ जिल्हा विशेषत्वाने विचारात घेतला आहे. गोंड, कोलाम, परधान, आंध, बंजारा, बौद्ध आणि कोरडवाहू कापूस उत्पादक कुणबी अशा अनेक समाजांची मुले या जिल्ह्यात एकाच वर्गात बसतात आणि प्रत्येकाच्या साहाय्याची योजना, खाते व अटी वेगळ्या असतात. त्यामुळे हा विषय येथे जितका स्पष्ट दिसतो, तितका क्वचितच अन्यत्र दिसेल.

दक्षिणा ते फेलोशिप

पेशवाईत श्रावणमासी पुण्यास वाटली जाणारी दक्षिणा हे विद्येला दिलेल्या राजाश्रयाचे रूप होते. ती घेण्यासाठी ब्राह्मण असणे आणि विद्वत्तेची परीक्षा देणे आवश्यक होते. घेतल्यानंतर मात्र कोणतेही बंधन नव्हते. १८१८ नंतर इंग्रजांनी ही प्रथा एकाएकी मोडली नाही. १८२१ मध्ये पुण्यास विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या संस्कृत पाठशाळेचा खर्च याच निधीतून झाला, १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि पुढे महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिप आल्या. श्रावणातील दान अशा रीतीने विद्यार्थ्याच्या हजेरीशी, वर्तनाशी आणि अध्यापनाच्या कामाशी जोडले गेले.

या जोडणीचा अर्थ काय होता, हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या विद्यार्थिदशेतील एका प्रसंगावरून कळते. एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राजवटीशी इंग्रजी राजवटीची तुलना केली आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली, असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धीचे चाहते होते, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. प्रश्न व्यक्तिगत आकसाचा नव्हता. ज्याचे अन्न खावे त्याच्यावर टीका करू नये, ही दात्याची सहज अपेक्षा शिष्यवृत्तीच्या रचनेतच बसलेली होती, आणि ती नाकारण्याचा कोणताही मार्ग विद्यार्थ्यापाशी नव्हता.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ च्या हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात शिष्यवृत्तीच्या प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. सरकारी शिष्यवृत्त्या स्पर्धेने दिल्या जात असल्यामुळे ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे, त्यांनाच त्यांचा लाभ होतो. ज्यांच्यात शिक्षणाचा प्रसार झालेला नाही, त्यांचा विचार व्हावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. गुणवत्तेचे बक्षीस आणि वंचिताचा अधिकार यांतील फरक महाराष्ट्रात इतक्या स्पष्टपणे प्रथमच मांडला जात होता. पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात काढलेली जातवार वसतिगृहे ही याच विचाराची प्रत्यक्ष परिणती म्हणता येईल.

बडोद्याचा करारनामा

साहाय्य आणि बंधन यांच्या संबंधाचा सर्वांत बोलका दस्तऐवज म्हणून ४ जून १९१३ च्या करारनाम्याचा उल्लेख करावा लागेल. कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांच्या शिफारशीवरून महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी भीमराव रामजी आंबेडकर यांना पदवीच्या शिक्षणासाठी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली होती. त्यानंतर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील उच्च शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, मंजूर झाले. मोबदल्यात ठरलेल्या विषयांचा अभ्यास करावा आणि शिक्षण संपल्यावर बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी, असा करार झाला. विद्यार्थ्याने सही केली.

हा करार त्या काळाच्या मानाने अन्यायकारक होता असे म्हणता येणार नाही. संस्थानचा पैसा रयतेचा होता आणि त्यातून शिकलेल्या तरुणाने रयतेची सेवा करावी, ही अपेक्षा रास्तच होती. आंबेडकरांनीही ती रास्त मानली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून ते १९१७ मध्ये परत आले आणि बडोद्यास रुजू झाले. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून टाकीत, राहण्यास शहरात जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून काढलेले दिवस आणि तेथून झालेली हकालपट्टी यांची हकिकत त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात स्वतःच सांगितली आहे. थोड्याच अवधीत त्यांना बडोदे सोडावे लागले आणि दहा वर्षांच्या सेवेची अट अपुरी राहिली.

येथे करार कोणी मोडला? कागदाच्या भाषेत उत्तर सोपे आहे : सेवा न देणाऱ्याने. परंतु सेवा स्वीकारण्यास योग्य अशी परिस्थिती निर्माण करणे हे दात्याचे कर्तव्य होते की नाही, याविषयी करारनाम्यात एक अक्षरही नव्हते. विद्यार्थ्याची विषयनिवड, मुदत, नोकरी सारे लिहिलेले होते. त्याला डोक्यावर छप्पर मिळावे हे कोणी लिहिले नव्हते. सयाजीराव महाराज उदार आणि दूरदृष्टीचे होते यात शंका नाही. तथापि दात्याच्या औदार्यावर घेणाऱ्याचे स्वास्थ्य अवलंबून ठेवणे किती अपुरे असते, हे याच उदाहरणातून दिसते. कारण महाराजांचे औदार्य कचेरीतल्या शिपायापर्यंत पोहोचले नाही.

भारत सरकारची शिष्यवृत्ती

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य म्हणून प्रवेश केल्यावर डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी केंद्रीय निधीची मागणी लावून धरली. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९४८-४९ पासून तिच्यात अनुसूचित जमातींचा समावेश झाला. विदर्भातील महाविद्यालयांत आजही विद्यार्थी तिला 'जी.ओ.आय.' याच नावाने ओळखतात. संविधानाच्या ४६ व्या अनुच्छेदाने दुर्बल घटकांचे शैक्षणिक हितसंवर्धन हे राज्याचे कर्तव्य ठरविले आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने १५(४) हे उपकलम आले. दान आणि करार या दोन टप्प्यांनंतरचा हा तिसरा टप्पा अधिकाराचा होता. या शिष्यवृत्तीसाठी दहा वर्षांची नोकरी लिहून द्यावी लागत नव्हती.

अटी मात्र होत्या. समाधानकारक प्रगती असावी. अन्य शिष्यवृत्ती घेऊ नये. पूर्वपरवानगीशिवाय विषय वा संस्था बदलू नये. खोटी माहिती दिल्यास शिष्यवृत्ती रद्द होऊन रक्कम वसूल होईल. वर्षाच्या मध्येच शिक्षण सोडल्यास शासनाच्या विवेकानुसार रक्कम परत करावी लागेल. बहुतेक अटी समजण्यासारख्या आहेत. परंतु त्याच नियमावलीत गैरवर्तनाचे उदाहरण म्हणून संपात भाग घेणे याचाही उल्लेख होता आणि त्या कारणाने शिष्यवृत्ती थांबविण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्याकडे होता. रानड्यांची शिष्यवृत्ती थांबविणाऱ्या प्राचार्यांची छाया स्वतंत्र भारताच्या नियमावलीवरही अशी रेंगाळत राहिली. आपली रखडलेली शिष्यवृत्ती मागण्यासाठी मोर्चा काढणारा विद्यार्थी या कलमाच्या कक्षेत येतो काय, हा प्रश्न केवळ तार्किक नाही.

तहसिलीची सीमा आणि धर्माचा रकाना

अधिकार कागदावर आला तरी तो कोणाला, हे यादी ठरवते. यवतमाळ जिल्ह्याने या यादीचा अनुभव विलक्षण रीतीने घेतला. १९०५ पर्यंत 'वून' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात यवतमाळ, केळापूर, वणी, पुसद आणि दारव्हा अशा पाच तहसिली होत्या. १९५६ च्या सुधारित यादीनुसार गोंड, कोलाम, परधान, आंध आदी जमातींना विदर्भात अनुसूचित जमातीचा दर्जा सरसकट मिळाला नव्हता. तो विशिष्ट प्रदेशांपुरता होता. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट, तत्कालीन चांदा जिल्ह्यातील गडचिरोली व सिरोंचा आणि यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तहसिली त्यात होत्या. पुसद आणि दारव्हा वगळलेल्या होत्या.

याचा अर्थ असा की केळापूर तहसिलीतील गोंड विद्यार्थी केंद्राच्या यादीनुसार आदिवासी होता आणि त्याच जिल्ह्यातील दारव्हा तहसिलीतील त्याचा आतेभाऊ नव्हता. भाषा, देव, लग्नसंबंध सर्व सामायिक असूनही महाविद्यालयाच्या अर्जावर ते दोन वेगळ्या प्रवर्गांतले ठरत. पुसद परिसरात आंध समाजाची वस्ती मोठी असल्याने तेथे ही विसंगती विशेष जाणवणारी होती. हे क्षेत्रबंधन १९७६ च्या कायद्याने उठविण्यात आले आणि जुलै १९७७ मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. म्हणजे मधल्या सुमारे दोन दशकांत महाविद्यालयीन वयात आलेल्या पिढ्यांसाठी तहसिलीची सीमा हीच अधिकाराची सीमा होती. राज्याच्या काही स्वतंत्र सवलती होत्या, पण संविधानिक दर्जाची जागा त्या घेऊ शकत नव्हत्या.

याच कायद्याने आंध्र प्रदेशच्या तेलंगण भागातील लंबाडा समाजाला अनुसूचित जमातीत स्थान दिले. पैनगंगेच्या अलीकडचा बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातीत राहिला. पुसद तालुक्यातील गहुली या गावी जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते, तरी ही सीमा राहिलीच. विमुक्त व भटक्यांच्या शिष्यवृत्तीचा भार प्रामुख्याने राज्याच्या तिजोरीवर राहिला, हे त्या समाजातील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने लहानसहान अंतर नव्हते.

दुसरा अनुभव बौद्ध विद्यार्थ्यांचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यापाड्यांतून धर्मांतराची लाट उसळली. परंतु केंद्राच्या तत्कालीन आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू व नंतर शीख धर्मापुरता होता. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिणाऱ्या विद्यार्थ्याचा केंद्रीय सवलतींवरील हक्क त्यामुळे गेला. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर राज्य शासनाने 'नवबौद्ध' म्हणून सवलती दिल्या. केंद्राने मात्र त्यासाठी १९९० पर्यंत वेळ घेतला. खोटी माहिती न देणे हे शिष्यवृत्तीधारकाचे पहिले कर्तव्य मानले जाते. श्रद्धा खरी सांगावी तर हक्क जातो आणि हक्क राखावा तर जुना धर्म लिहावा लागतो, अशा पेचात त्या पिढीला उभे करणाऱ्या नियमाने कोणते कर्तव्य पाळले, याचा विचार क्वचितच झाला आहे.

उत्पन्न, पैसेवारी आणि पडताळणी

जातीबरोबर आर्थिक निकषही आले. द्विभाषिक मुंबई राज्यात यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९५९ मध्ये वार्षिक ९०० रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांसाठी फी माफीची योजना आली. ही मर्यादा लवकरच १,२०० रुपये झाली. 'ई.बी.सी.' हा शब्द येथूनच मराठी पालकांच्या तोंडी रुळला. विदर्भ १९५६ पासून मुंबई राज्यात असल्याने हा लाभ या जिल्ह्यालाही मिळाला. त्यानंतरच्या योजनांची यादी लांब आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातींसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम् या अलीकडच्या दशकातील, आणि जुलै २०२४ मध्ये आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत दिलेली पूर्ण शुल्कमाफी ही त्यांतील सर्वांत नवी.

कापसाच्या प्रदेशात आर्थिक निकषाचे एक स्वतंत्र रूप आहे, ते म्हणजे पैसेवारी. पिकाची पैसेवारी पन्नासच्या आत आली आणि शासनाने टंचाई वा दुष्काळ जाहीर केला, की ज्या सवलती लागू होतात त्यांत विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी असते. २००६ मध्ये केंद्र शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज दिले, त्यांत यवतमाळ होता. म्हणून येथे या माफीचे महत्त्व निराळे सांगण्याची गरज नाही. पण तिचे वेळापत्रक शेतीचे आहे, परीक्षेचे नाही. अंतिम पैसेवारी वर्षाच्या अखेरीस ठरते आणि हिवाळी परीक्षेचे अर्ज त्यापूर्वीच शुल्कासह भरलेले असतात. हक्क निर्माण होतो तेव्हा रक्कम घरातून गेलेली असते, आणि मग प्रश्न परताव्याचा उरतो.

कर्तव्यांच्या बाजूला सर्वांत कठोर पाऊल जातपडताळणीच्या कायद्याने पडले. माधुरी पाटील प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची रूपरेषा घालून दिली. ऑक्टोबर २००१ पासून अमलात आलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार खोट्या प्रमाणपत्रावर घेतलेली शिष्यवृत्ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते, शिवाय सहा महिने ते दोन वर्षे कारावासाची तरतूद आहे. खऱ्या आदिवासीच्या जागा बळकावल्या जात असल्याची तक्रार यवतमाळ जिल्ह्यातही जुनी आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही. त्या दृष्टीने कायदा आवश्यकच होता. मात्र न्यायालयांची भूमिका एकसारखी राहिली नाही. विदर्भातील हलबा-कोष्टी वादाशी संबंधित 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध मिलिंद' या खटल्यात नोव्हेंबर २००० मध्ये दावा फेटाळूनही विद्यार्थ्याची वैद्यकीय पदवी कायम ठेवण्यात आली. त्याच्या शिक्षणावर झालेला सार्वजनिक खर्च हा विचार त्यामागे होता. २०१७ च्या जगदीश बहिरा प्रकरणात मात्र दावा अवैध ठरल्यावर लाभ काढून घेतलाच पाहिजे आणि अप्रामाणिक हेतू सिद्ध होण्याची गरज नाही, असे त्याच न्यायालयाने ठरविले. अजाणतेपणी चूक करणारा आणि जाणूनबुजून फसवणारा यांच्यातील भेद लाभ परत घेण्यापुरता तरी संपला.

मधला पक्ष

शासन आणि विद्यार्थी यांच्यामध्ये महाविद्यालय हा तिसरा पक्ष असतो. अर्ज अग्रेषित करणे, हजेरी प्रमाणित करणे, शुल्काचा तपशील भरणे ही त्याची कामे. हा पक्ष स्वतः दोषी ठरू शकतो, याची जाणीव नियमांना फार उशिरा झाली. गडचिरोलीसह विदर्भातील काही जिल्ह्यांत २०१४-१५ च्या सुमारास शिष्यवृत्तीच्या रकमांतील गैरव्यवहार उघडकीस आले आणि राज्य शासनाला २०१६ मध्ये विशेष तपास पथक नेमावे लागले. नावे विद्यार्थ्यांची आणि पैसे संस्थांकडे, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. ज्याच्या नावे रक्कम उचलली गेली त्या विद्यार्थ्याला पुढे खऱ्या प्रवेशाच्या वेळी 'आपण लाभ घेतलेला आहे' असे उत्तर मिळण्याचा धोका होता. कर्तव्यभंग एकाचा आणि हक्कहानी दुसऱ्याची, असा हा प्रकार होय.

त्यानंतर महाडीबीटी संकेतस्थळ आले. २०१७-१८ हे त्याचे पहिले वर्ष तांत्रिक अडचणींतच गेले. पुढे ते स्थिरावले. आधारशी जोडलेले बँक खाते, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, बोनाफाइड, जातवैधता असा पुरावा गोळा करण्याचा संपूर्ण भार आता विद्यार्थ्यावर आहे. झरी-जामणी वा मारेगाव तालुक्यातील कोलाम पोडावरून येणाऱ्या मुलासाठी तो भार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या मुलासाठी तो भार सारखा नाही, हे संगणकाला कळत नाही. ते महाविद्यालयातील लिपिकाला आणि प्राध्यापकाला कळते.

विद्यार्थ्याच्या बाजूचे हक्क आता लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत, ही गोष्ट नोंदविली पाहिजे. शिष्यवृत्तीचे वितरण न होणे वा त्यास विलंब होणे ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तक्रारनिवारण विनियमांनुसार दाद मागण्याजोगी बाब आहे; हे विनियम प्रथम २०१२ मध्ये आले आणि २०१९ व २०२३ मध्ये नव्याने काढले गेले. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्यास आयोगाने २०१८ मध्ये मनाई केली. पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क घेऊ नये, असे राज्य शासनाने वेळोवेळी बजावले आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने आपला अर्ज कोठे अडला, हे विचारता येते. तथापि अर्ज भरताना विद्यार्थ्याच्या सहीसाठी जे हमीपत्र पुढे केले जाते, त्यात त्याची कर्तव्ये सविस्तर असतात आणि या हक्कांपैकी एकाचाही उल्लेख सहसा नसतो. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत अर्धे पान त्यासाठी देण्यास कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटी रुपयांच्या आराखड्यास मान्यता दिली आणि केंद्र व राज्य यांचा वाटा ६० व ४० टक्के असा निश्चित केला. तत्पूर्वीच्या सूत्रानुसार राज्यांवर पडणारा वाढता बोजा हे विलंबाचे एक प्रमुख कारण होते. नव्या व्यवस्थेत शुल्काची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते आणि ती महाविद्यालयाला भरण्याचे दायित्व त्याच्याकडे येते. प्रवेशाच्या वेळी पैसे नसलेल्यांसाठी फ्रीशिप कार्डाची सोय आहे. ते दाखविल्यावर शुल्क न घेता प्रवेश मिळावा आणि रक्कम येताच ती भरण्याची हमी विद्यार्थ्याने लिहून द्यावी, अशी ही रचना आहे. विद्यार्थ्याने किती दिवसांत पैसे भरावेत हे त्या हमीत ठरलेले असते. शासनाने किती दिवसांत ते खात्यात टाकावेत, याची हमी त्याच कागदावर नसते, आणि दरम्यानच्या काळात निकालपत्र व टी.सी. यांसाठी त्याला कार्यालयाच्या खिडकीशीच यावे लागते.